वैतरणेचा मासा वैतरणेचाच

माझी आय खाडीकाठच्या आगरी घरातली. भिवंडी तालुक्याच्या दक्षिणेला, वसईच्या खाडीला लागून जी गावं आहेत त्यांतल्याच एका गावात आम्ही वाढलो. आय बाजारात मासळी विकायला बसायची. कुणी तिच्यापुढे बोयांची पाटी ओतली की ती त्यातली एक उचलायची, कल्ला उघडायची, पोटाकडचा रंग बघायची आणि सांगून टाकायची, "ही आपले खाडीची नाय. ही वरतून आलीय." बोय तीच, लांबीही तेवढीच. पण आयच्या लेखी नुसती 'बोय' अशी नव्हतीच. ह्या खाडीची बोय होती आणि त्या खाडीची बोय होती, आणि दोघींची चव वेगळी, हाडही वेगळं.

मी पुढे प्राणिशास्त्र शिकले, आता कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. जनुकांचा धडा आला की मला आयची ती पारख आठवते. तिला त्यात काय दिसायचं ते तिने कधी उलगडून सांगितलं नाही. पण गेल्या साठसत्तर वर्षांत माशांवर जो काही मोलाचा अभ्यास झाला त्याचं सार तेच निघालं. जात एक असली तरी मासा पाण्यागणिक वेगळा असतो, आणि तो वेगळेपणा नुसत्या चवीचा नसतो, रक्तात उतरलेला असतो.

हे जगाला ठळकपणे उमगलं ते सॅल्मनमुळे. हल्ली मुंबई-ठाण्याच्या मोठ्या दुकानांत बर्फावर त्याचे नारिंगी तुकडे मांडलेले दिसतात. आपल्या रावसालाही विक्रेते 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण दोघांचं काही नातं नाही. रावस उबदार समुद्राचा आणि खाडीच्या तोंडाचा. सॅल्मन थंड मुलखातला, आणि त्याचं जगणं दोन पाण्यांत वाटलेलं. नदीच्या वरच्या अंगाला, गार वाहत्या पाण्याच्या तळाशी, खड्यांत मादी अंडी घालते. पिल्लं काही महिने, काही जातींत दोनतीन वर्षं गोड्या पाण्यात काढतात, मग समुद्रात उतरतात. तिथे खाऊनपिऊन मोठी होतात आणि अंडी घालायची वेळ झाली की परत फिरतात. वाटेल त्या नदीत शिरत नाहीत. जिथे जन्मले तीच नदी, पुष्कळदा तोच ओढा.

ओढा ओळखतात कसा? विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅसलर ह्यांनी १९५० च्या दशकात ह्याचा छडा लावला. वॉशिंग्टन राज्यात इसाक्वा नावाचा ओढा आहे, त्याला पुढे एक फाटा फुटतो. दोन्ही वाटांनी वर आलेले सॅल्मन पकडून त्यांनी काहींच्या नाकपुड्या बोळ्यांनी बंद केल्या आणि सगळ्यांना फाट्याच्या खाली सोडलं. नाक मोकळं असलेले बहुतेक आपापल्या वाटेने गेले. नाक बुजलेले वाटेल तिकडे. प्रत्येक ओढ्याच्या दगडमातीचा, झाडपाल्याचा एक वास असतो, पिल्लू तो लहानपणी मनात साठवतं आणि वर्षांनी त्याच्या मागावर परत येतं.

ह्या घरी परतण्याचा परिणाम फार खोल आहे. एका ओढ्याचे मासे आपसांतच जुळतात, शेजारच्या ओढ्याशी त्यांची सोयरीक क्वचितच होते. मग त्या ओढ्याच्या पाण्याला, प्रवाहाला, थंडीला जे गुण मानवतात तेच पिढ्यान् पिढ्या पक्के होत जातात. कुठे अंडी मोठी, कुठे अंग सडसडीत. कुठे मासे वसंतातच नदीत शिरतात, कुठे पानगळीपर्यंत थांबतात. ह्यातलं सगळ्यात नवलाचं उदाहरण पॅसिफिकमधल्या गुलाबी सॅल्मनचं. तो बरोबर दोन वर्षं जगतो. त्यामुळे एकाच नदीत सम सालांत येणारे मासे आणि विषम सालांत येणारे मासे एकमेकांना कधी भेटतच नाहीत. पाणी तेच, तळाचे खडे तेच, आणि तरी दोन वेगळी कुळं. जनुकांत तो फरक स्पष्ट दिसतो. वर्गात हे सांगितलं की मुलं वही बाजूला ठेवून ऐकतात.

सगळेच मासे अचूक घरी पोहोचतात असंही नाही. थोडे वाट चुकतात, आणि त्या चुकलेल्यांचं महत्त्व मोठं आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, तेव्हा आज सॅल्मनच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी नद्या बर्फाखाली गाडलेल्या होत्या. बर्फ वितळला, नद्या मोकळ्या झाल्या, आणि दक्षिणेकडच्या, बर्फातून वाचलेल्या आसऱ्यांमधून वाट चुकलेले मासे त्या रिकाम्या पाण्यांत शिरले. तिथली आजची कुळं ही त्यांचीच संतती. बदल किती झपाट्याने होऊ शकतो त्याचा पुरावा न्यूझीलंडमध्ये आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातून चिनूक सॅल्मनची अंडी नेऊन तिथे मासे सोडले. ते तिथल्या वेगवेगळ्या नद्यांत पसरले, आणि तीसेक पिढ्यांच्या आतच त्यांच्यात नदीगणिक फरक दिसू लागले.

जनुकांच्या पातळीवरही आता हाताला लागण्यासारख्या गोष्टी आहेत. अटलांटिक सॅल्मन समुद्रात एक वर्ष राहून लहान अंगानेच परतणार की तीनचार वर्षं थांबून मोठा होऊन परतणार, ह्यात एका जनुकाचा फार मोठा वाटा आहे, हे २०१५ साली दिसलं. नदीत लवकर शिरायचं की उशिरा, ह्यालाही असाच एक छोटासा जनुकीय भाग कारण आहे, हे २०१७ साली पॅसिफिकच्या माशांत आढळलं. हे वाचून मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. लवकर येणारे मासे नदीच्या फार वरपर्यंत जातात. धरण आडवं आलं की मार बसतो तो त्यांनाच. त्यांच्याबरोबर त्या जनुकाचं ते रूप नदीतून जातं, आणि एकदा गेलं की उशिरा येणाऱ्या माशांतून ते परत निपजत नाही.

आता आणखी मागे जाऊ. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत इओसाल्मो नावाच्या माशाचे ठसे मिळाले आहेत. सॅल्मनच्या घराण्यातल्या, आपल्याला ठाऊक असलेल्या फार जुन्या माशांपैकी हा एक. पण त्याच्याही आधी, ८ ते १० कोटी वर्षांपूर्वी, ह्या घराण्याच्या पूर्वजात एक मोठी उलथापालथ झाली. त्याची सगळीच्या सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली. अटलांटिक सॅल्मनची पूर्ण जनुकीय मांडणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीत ह्या दुपटीच्या खुणा जागोजागी आहेत.

दुप्पट झाल्याने काय साधतं, हे भिवंडीच्या मुलांना समजावताना मी मागाकडे वळते. जकार्डच्या मागावर नक्षीसाठी भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ असते. माळ एकच असेल तर कारागीर तिच्यात सहसा हात घालत नाही, एक भोक चुकलं की सगळं कापड बिघडतं. पण तीच माळ दोनदा हाताशी असेल तर एकीवर रोजचं काम चालू ठेवून दुसरीत फेरफार करून बघता येतात. जनुकांच्या दुसऱ्या संचाचं असंच झालं. पुष्कळ जनुकं त्यात मोडीत निघाली, थोडी नव्या कामाला लागली. गोडं पाणी आणि खारं पाणी दोन्ही पेलण्याची सॅल्मनची ताकद ह्यातूनच आली का, ह्यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण बदलायला मोकळा माल त्याच्याकडे भरपूर होता एवढं खरं.

आणि इथेच मी मुलांना सांगते की हे ऐकायला कॅनडाला जायचं कारण नाही. सगळी गुणसूत्रं दुप्पट झालेला, वेगवान गार पाण्यात राहणारा, पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून खडेगोट्यांत अंडी घालणारा मासा आपल्या सह्याद्रीत आहे. भिवंडीहून एसटीने गेलं तर अर्ध्या दिवसात बघून परत येता येतं. तो मासा म्हणजे महाशीर. काही भागांत त्याला खडशी म्हणतात.

सॅल्मनचं आणि त्याचं घराणं एक नाही. महाशीर रोहू-कटल्याच्या गोतातला. पण रोहूच्या पेशीत ५० गुणसूत्रं असतात आणि महाशीरच्या पेशीत १००. फार पूर्वी दोन वेगळ्या जातींचा संकर होऊन हे दुप्पट झालेलं कूळ जन्मलं असावं, असं अभ्यासक मानतात. सॅल्मनची दुपट वेगळ्या वाटेने झाली, तिचा काळही वेगळा. तरी दोन्हीकडे निपजला तो दांडगा, दीर्घायुषी, वाहत्या पाण्याचा मासा.

दख्खनच्या महाशीरची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी विल्यम हेन्री साइक्स दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होते. नद्यांमधल्या माशांचं त्यांनी वर्णन केलं आणि १८३९ साली ह्या माशाला नाव मिळालं. आज तो टॉर खुद्री म्हणून ओळखला जातो.

मुळा-मुठेचं पाणी भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. आमच्याकडची वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात, गोदावरीच्या उगमाजवळच उगम पावते आणि पश्चिमेला वाहत अरबी समुद्राला मिळते. महाशीर पूर्वेकडच्या पाण्यातही आहे आणि पश्चिमेकडच्याही. पण त्याला खारं पाणी सोसत नाही. सॅल्मनसारखं एका नदीतून निघून, समुद्राला वळसा घालून दुसरीत शिरणं त्याच्या नशिबात नाही, आणि डोंगर तर ओलांडता येत नाहीच. मग तो दोन्हीकडे पोहोचला कसा?

उत्तर नद्यांच्याच इतिहासात आहे. सह्याद्रीचा पश्चिम उतार उभा कडा आहे. त्या बाजूचे ओढे जोरात वाहतात आणि डोंगराचा माथा मागे मागे कुरतडत जातात. कुरतडता कुरतडता एखाद्या ठिकाणी ते माथ्यापलीकडच्या संथ ओढ्यापर्यंत पोहोचतात आणि त्याचं पाणी आपल्याकडे ओढून घेतात. पाण्याबरोबर मासेही येतात. कालपर्यंत पूर्वेला वाहणाऱ्या पाण्यातलं कूळ आज पश्चिमेच्या नदीत अडकतं, आणि तिथून त्याचा इतिहास वेगळा सुरू होतो. दुसरी वाट हिमयुगातली. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज मुंबईच्या पश्चिमेला जो उथळ समुद्र आहे तिथे जमीन होती आणि कोकणातल्या नद्या त्या जमिनीवरून पुढे वाहत जात होत्या. काही एकमेकींना मिळतही असतील. समुद्र वर आला आणि त्यांच्यात खाऱ्या पाण्याची भिंत उभी राहिली.

सॅल्मन समुद्र ओलांडू शकतो, पण घरी परततो म्हणून वेगळा राहतो. महाशीर बाहेर पडूच शकत नाही म्हणून वेगळा राहतो. माझ्या मते ह्या एका फरकामुळे महाशीरची काळजी सॅल्मनहून जास्त घ्यायला हवी. सॅल्मनची एखादी नदी उजाड झाली तर शेजारच्या नदीतले चार चुकार मासे शंभर वर्षांनी का होईना तिथे वस्ती करू शकतात. वैतरणेतला महाशीर संपला तर समुद्रावाटे तिथे कुणीच येणार नाही.

माणसाने मात्र ही पाणलोटांची वेस सहज ओलांडली. लोणावळ्याचं वळवण धरण हे इंद्रायणीचं, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी. टाटांनी १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू केलं तेव्हापासून ते पाणी घाटाखाली उतरून पाताळगंगेतून पश्चिमेला जातं. साइक्सच्या त्या मुळेचंही तेच झालं. मुळशीचं धरण झालं आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून तिचं पाणी कुंडलिकेत पडू लागलं. जे काम सह्याद्रीच्या ओढ्यांनी लाखो वर्षं घेऊन केलं असतं ते बोगद्यांनी काही वर्षांत केलं.

त्याच वळवणच्या काठी १९७० च्या सुमारास महाशीरच्या इतिहासातलं एक मोठं काम उभं राहिलं, आणि ते मराठी माणसांनी केलं ह्याचा मला अभिमान आहे. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्याबरोबर एस. एन. ओगले ह्यांनी टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात महाशीरची कृत्रिम पैदास करून दाखवली. पावसाळ्यात पिकलेली मादी हातात धरून तिचं पोट हलक्या हाताने दाबायचं, ताटात अंडी घ्यायची, त्यांवर नराचं वीर्य सोडायचं, मिसळायचं, मग वाहत्या पाण्यात ट्रेमध्ये ठेवायची. महाशीरची अंडी पिवळसर, टपोरी, तळाशी बसणारी. रोहू-कटला लाखोंनी अंडी घालतात, महाशीर त्या मानाने फारच थोडी. तीनएक दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण पोटाला लागलेली पिवळ्या बलकाची पिशवी त्यांना जड होते. मग ती ट्रेच्या कोपऱ्यात एकमेकांच्या खाली डोकी खुपसून पडून राहतात, नुसती शेपटी थरथरत असते. उजेड नको असतो त्यांना. नदीत हेच दिवस ती दगडांच्या फटींत काढतात. सॅल्मनची पिल्लंही जन्मल्यावर अशीच खड्यांखाली लपून राहतात.

सुरुंग लावून मासे मारण्याचा, धरणांनी वाटा बंद होण्याचा तो काळ. महाशीर नामशेष होईल अशी सार्थ भीती होती. वळवणहून बीज देशभर गेलं, तलावांत सोडलं, नद्यांत सोडलं. हिमालयातल्या महाशीरशी संकर करण्याचेही प्रयोग इथे झाले. मासा वाचवायचा हाच हेतू होता, आणि त्या काळात जनुकं तपासायची साधनंही नव्हती. त्यामुळे पुढचं सांगताना माझा रोख त्या माणसांवर नाही.

वळवणचं बीज ज्या पाण्यांत गेलं त्यांत कावेरी होती. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी शेपटीचा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ साली काबिनी नदीत गळाने धरलेला १२० पौंडांचा मासा ह्याच जातीचा. गळाने मासेमारी करणारे हौशी लोक ह्या माशासाठी जगभरातून येत. नोंद करायची आणि मासा परत पाण्यात सोडायचा असा त्यांचा रिवाज. त्यांच्या १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन ह्यांनी तपासल्या. चित्र असं निघालं की निळसर परांचा, बाहेरून आलेला महाशीर वाढत गेला आणि पाठीला उंचवटा असलेला कावेरीचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला. त्यांचा निबंध २०१५ साली आला. तोवर ह्या देखण्या माशाला शास्त्रात पक्कं नावही नव्हतं. २०१८ साली ह्याच अभ्यासकांच्या गटाने, ज्यात पुण्याच्या आयसरचे नीलेश डहाणूकरही होते, जनुकं आणि शरीररचना दोन्ही तपासून दाखवलं की हा टॉर रेमादेवी. त्याच वर्षी जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. जवळजवळ पुसला गेल्यावर त्याची ओळख पटली.

सॅल्मनच्या देशांनी हा धडा आधीच गिरवला होता. ऑरेगनच्या हूड नदीत स्टीलहेडवर (सॅल्मनचाच तो भाऊबंद) झालेला अभ्यास २००७ साली 'सायन्स'मध्ये आला. हौदात वाढवलेल्या माशांची नदीत पिल्लं काढण्याची कुवत हौदातल्या दर पिढीमागे सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं. हौदात मारा करणारा पक्षी नसतो, खाणं वेळेवर मिळतं, प्रवाहाशी झुंज नसते. तिथे जगायला जे गुण लागतात ते नदीत उपयोगी पडत नाहीत. नॉर्वेने १९७० च्या दशकात सुमारे ४० नद्यांतून मासे गोळा करून शेतीचा सॅल्मन घडवला. दुकानात मिळतो तो बहुतेक त्याचाच वंश. समुद्रातल्या जाळ्यांतून तो सुटतो आणि नदीतल्या माशांत मिसळतो. नॉर्वेत तपासलेल्या नद्यांपैकी निम्म्याहून अधिक नद्यांत शेतीच्या माशाची जनुकं सापडली आहेत.

उलट, नद्यांची कुळं शाबूत ठेवली तर काय होतं ते अलास्कात दिसतं. ब्रिस्टल बे नावाच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्या-तळ्यांत सॉकाय सॅल्मनची शेकडो वेगवेगळी कुळं आहेत. एखाद्या साली एका कुळाला दुष्काळ भोवतो, दुसऱ्याला तोच मानवतो. त्यामुळे एकूण मासळीत फार चढउतार होत नाही. कोळ्यांचं पोट ह्या विविधतेवर चालतं, हे २०१० साली 'नेचर'मधल्या अभ्यासाने आकड्यांनी दाखवलं.

आणि आता तिळसे. भिवंडीहून अंबाडी, कुडूस करत वाड्याला जायचं, तिथून थोडं पुढे वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचं देऊळ आहे. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. देवळापाशी नदीच्या डोहात महाशीर आहेत, आणि ते देवाचे म्हणून कुणी मारत नाही. महाडजवळ वाळण कोंडीला काळ नदीत असेच राखलेले मासे आहेत. विद्यार्थ्यांना मी तिळशाला घेऊन जाते. काठावर फुटाणे टाकले की पाणी आधी नुसतं गढूळ हलतं. मग खालून एक लांबट काळसर सावली वर येते, तिच्यामागे दुसरी, आणि पाठोपाठ दहाबारा. वळताना कुशीवरचे खवले दिसतात, एकेक रुपयाच्या नाण्याहून मोठा, कडेला सोनेरी झाक. तोंड पुढे नळीसारखं लांबवून मासा दाणा ओढून घेतो, जाड ओठ मिटतो आणि लगेच खाली जातो. धसमुसळेपणा नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने, कामवारी नदीच्या काठी घर असलेल्या मुलीने, विचारलं, "मॅडम, नदीत तळ दिसतो?" आमच्या कामवारीत सायझिंग आणि डाइंगच्या पाण्यात टिलापिया दिसला तर दिसतो. नदीतला मासा असा डोळे भरून बघायची तिची ती पहिलीच वेळ.

तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, पावसात हे कुठे जातात?

"वर चढतात. पानी लाल झाला का डोहात नाय थांबत," ते म्हणाले. "दिवाली झाली का परत हायेतच."

वर चढतात, पण कुठपर्यंत? वैतरणेवर मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेलं मोडकसागर १९५० च्या दशकातलं, अप्पर वैतरणा १९७० च्या दशकातलं, मध्य वैतरणा २०१४ चं. गारगाई ही वैतरणेला मिळणारी नदी, तिच्यावर वाडा तालुक्यात ओगद्याजवळ आणखी एक धरण बांधायची मुंबई महापालिकेची योजना आहे. मुंबईला पाणी लागतं, हे मला कळतं. त्या पाण्याचे अजस्र नळ आमच्याच तालुक्यातून जातात, लहानपणी आम्ही त्यांच्यावर चढून खेळलो आहोत. पण धरणाच्या कागदपत्रांत मासे येतात ते बहुधा 'जलाशयात मत्स्यबीज सोडण्यात येईल' ह्या एका वाक्यात, आणि त्या वाक्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. बीज कुठलं? महाराष्ट्रातल्या बहुतेक जलाशयांत गंगेच्या खोऱ्यातला रोहू, कटला, मृगळ सोडला जातो. विदेशी मांगूरवर २००० साली देशभर बंदी आली, तरी तो ह्या ना त्या वाटेने पाण्यात पोहोचतोच. आणि उद्या कुणी चांगल्या मनाने महाशीरचंच बीज आणून वैतरणेत सोडलं तर वर्तमानपत्रात कौतुकाची बातमी येईल, फोटो येईल. आज टॉर खुद्रीची नोंद त्या जागतिक यादीत 'चिंता नाही' अशा वर्गात आहे, कारण जात म्हणून तो पुष्कळ ठिकाणी पसरला आहे. पण यादी जातीची आहे. वैतरणेच्या कुळाचा त्यात रकाना नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तिळशाच्या आणि वाळण कोंडीच्या माशांची जनुकीय तपासणी व्हावी. त्यासाठी मासा मारावा लागत नाही. पराच्या कडेचा नखाएवढा तुकडा पुरतो आणि मासा पुन्हा पाण्यात सोडता येतो. देवळाच्या माणसांना विश्वासात घेऊन, त्यांच्या देखत हे व्हावं, कारण आजवर मासे राखले ते त्यांनीच. तपासणी होईपर्यंत ह्या खोऱ्यांत बाहेरचं कुठलंही महाशीर बीज सोडू नये. पुढे कधी सोडायची वेळ आलीच तर त्याच नदीतले, शक्य तितके वेगवेगळे नर-मादी घेऊन त्यांचीच पिल्लं सोडावीत. चार माद्यांची लाख पिल्लं सोडून भागणार नाही, ती सगळी एकमेकांची भावंडं असतात. आणि कोणतं बीज कुठल्या पाण्यातून आलं ह्याची नोंदवही प्रत्येक केंद्रात असावी. वळवणला महाशीरची पैदास जमवणाऱ्यांनी चिकाटीने अवघड काम केलं होतं. नोंदवही ठेवणं त्या मानाने किती सोपं.

ह्या पावसाळ्यानंतर तिळशाला जाऊ तेव्हा मुलांकडून मी डोहाच्या वरचे आणि खालचे मासे स्वतंत्र मोजून घेणार आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारे फरक, म्हणजे परांचा रंग, ओठांची जाडी, पाठीची उंची, वहीत उतरवून घेणार आहे. जनुकांची तपासणी आमच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातली नाही, ती पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांच्या आवाक्यातली आहे, आणि त्यांना लिहायचं पत्र मुलांनीच मराठीत तयार केलं आहे.